वेट, वेट आणि वेट : वऱ्हाडातल्या वर्गांतलं इंग्रजी स्पेलिंग

चौथीच्या वर्गात श्रुतलेखन चालू आहे आणि गुरुजींनी ‘वेट’ असा शब्द सांगितला, तर मुलांनी काय लिहायचं? डब्ल्यू-ई-टी लिहिलं तर ‘ओला’. डब्ल्यू-ए-आय-टी लिहिलं तर ‘थांब’. डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी लिहिलं तर ‘वजन’. अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक मराठी वर्गांत हे तिन्ही शब्द एकाच सुरात ‘वेट’ असेच उच्चारले जातात. इंग्लंडातल्या मुलाला यातले शेवटचे दोनच सारखे ऐकू येतात, पहिला त्याच्या कानाला अगदी वेगळा लागतो. म्हणजे दोन शब्दांचा गोंधळ इंग्रजीनं दिलेला आहे आणि तिसऱ्याचा आपण आपल्या कानानं त्यात घातलेला आहे. हा दुसरा गोंधळ कुठल्याही पाठ्यपुस्तकात नोंदलेला नसतो. म्हणून त्याच्यावर उपायही होत नाही, आणि मुलाच्या वहीवर मात्र लाल रेघ पडते.

समोच्चारी शब्द आणि स्वरांचं स्पेलिंग हा विषय आपल्याकडे पाठांतराचा मानला जातो. शब्दांची यादी द्यायची, घोकून घ्यायची, परीक्षेत जोड्या लावायला सांगायचं. माझं म्हणणं असं की हा विषय आधी कानाचा आहे, मग डोळ्याचा, आणि पाठांतराचा सगळ्यात शेवटी. वऱ्हाडातल्या मुलाच्या कानात कोणते स्वर वेगळे पडतात आणि कोणते एकच होतात, हे आधी ठरवल्याशिवाय परक्या पुस्तकातले नियम इथे लागू पडणार नाहीत.

वऱ्हाडाला इंग्रजी नवी नाही. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांकडे होती आणि व्यासपीठावरची भाषा इंग्रजी होती. पापळसारख्या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डपर्यंत गेले आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्मावरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध तिथल्याच विद्यापीठाच्या मुद्रणालयानं १९३३ साली छापला. पण त्या पिढीत इंग्रजी शिकणारी मुलं मोजकी होती, आणि एकदा हायस्कुलात गेली की वर्षानुवर्षं इंग्रजीच्याच वातावरणात राहत. बाकीच्यांसाठी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला होत्या. वाक्यरचना आणि व्याकरण या पुस्तकांनी पक्कं केलं, त्याबद्दल महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्या त्यांच्या ऋणी आहेत. मात्र उच्चार पुस्तकातून शिकण्याची सोय त्यात नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती.

आताचं चित्र वेगळं आहे. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी मराठी शाळेत ती पाचवीत सुरू होई. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, तेल्हारा, कुठल्याही तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेतलं सहा वर्षांचं मूलही आता एबीसीडी शिकतं. पुढे सेमी इंग्रजीचं पेव फुटलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, अशी वर्गाची विभागणी गावोगाव झाली. इंग्रजी सगळ्यांची झाली, पण मूठभरांसाठी चालून गेलेली शिकवण्याची रीत तीच राहिली. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीतल्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं सुमारे २५ टक्के होती. २०१६ मध्येही आकडा जवळपास तेवढाच होता. पहिलीपासून कोणत्या भाषा असाव्यात यावर २०२५ साली महाराष्ट्रात रान पेटलं, हिंदीबाबतचे शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. त्या वादाचं महत्त्व मी कमी करत नाही. पण पाव शतक पहिलीपासून असलेली इंग्रजी वर्गात कशी शिकवली जाते, यावर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही चर्चा झालेली नाही.

वर्गात काय चालतं ते जवळून पाहू. फळ्यावर शब्द, गुरुजींच्या हातात छडी किंवा खडू, आणि मुलांचा कोरस : सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर; आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. या घोषात ताल आहे, मुलांना तो आवडतो आणि स्मरणाला त्याचा उपयोगही होतो. अडचण अशी की ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही अक्षरांची नावं आहेत, आवाज नव्हेत. ती कितीही वेगानं एकापुढे एक म्हटली तरी ‘कॅट’ होत नाही. मराठीत ‘क’ या अक्षराचं नाव आणि आवाज एकच, त्यामुळे मुलानं ‘क-म-ळ’ म्हटलं की शब्द आपोआप जुळतो. हीच सवय घेऊन ते इंग्रजीकडे येतं आणि पहिल्याच पायरीवर त्याचा आधार सुटतो. मग एकच मार्ग उरतो : प्रत्येक शब्द स्वतंत्र आकडा असल्यासारखा पाठ करायचा. पाचवीपर्यंत हे निभतं. शब्द हजारांत गेले की कोसळतं.

इंग्रजी स्पेलिंग असं का झालं, हे शिक्षकाला ठाऊक असावं. कारण ‘ते तसंच असतं’ या उत्तरानं मुलाचं समाधान होत नाही. “सर, बोलाले सारखंच हाये, मंग लिहाले येगयेगळं काहून?” हा प्रश्न वऱ्हाडातल्या कुठल्याही वर्गात येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तर थोडक्यात असं. ‘भेटणे’ अर्थाचा मीट, एम-ई-ई-टी, आणि ‘मांस’ अर्थाचा मीट, एम-ई-ए-टी, हे दोन शब्द सहाशे वर्षांपूर्वी सारखे बोललेच जात नव्हते. दोन स्वर वेगळे होते, म्हणून लिहिणंही वेगळं होतं. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर सगळेच्या सगळे आपल्या जागेवरून सरकले, काही एकमेकांत मिसळले. नेमक्या त्याच काळात, १४७६ मध्ये, कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना घातला आणि लिखाण हळूहळू गोठत गेलं. बोली पुढे निघून गेली, स्पेलिंग जुन्या उच्चाराचा पुरावा म्हणून मागे राहिलं. ‘रात्र’ आणि ‘सरदार’ या अर्थांच्या दोन ‘नाइट’मधल्या दुसऱ्याच्या आरंभीचा ‘के’ एके काळी खरोखर बोलला जात असे. ‘कर्ज’ अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ मात्र कधीच बोलला गेला नाही. लॅटिन मूळ दाखवावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. आणि ‘मुलगा’ अर्थाच्या ‘सन’मध्ये यू न येता ओ का? कारण हस्तलिखितांच्या काळी यू, एन, एम ही अक्षरं सारख्याच उभ्या रेघांची असत. दोन शेजारी आली की वाचता येत नसे, म्हणून लेखनिकांनी यूच्या जागी ओ लिहायला सुरुवात केली. ‘कम’, ‘सम’, ‘लव्ह’ या शब्दांतला ओ त्याच घराण्यातला. अशी एक-दोन उत्तरं मिळाली तरी मुलाच्या मनातली ‘हे सगळं वेड्यासारखं आहे’ ही भावना जाते. स्पेलिंगच्या अभ्यासात या भावनेइतकं नुकसान दुसरं कशानं होत नाही.

आता आपल्या कानाकडे येऊ.

मराठीत ‘ए’ एकच आहे. इंग्रजीत त्या जागी दोन स्वर आहेत : एक आखूड, एक लांब. आपण दोन्ही आपल्या एकुलत्या ‘ए’मध्ये बसवतो. परिणामी लेखणीचा ‘पेन’ आणि वेदनेचा ‘पेन’ एक झाले. चाचणीची ‘टेस्ट’ आणि चवीची ‘टेस्ट’ एक झाली. पश्चिम दिशेची ‘वेस्ट’ आणि वाया गेलेली ‘वेस्ट’, पत्र्याची ‘शेड’ आणि रंगछटेची ‘शेड’, कर्जाची ‘डेट’ आणि तारखेची ‘डेट’, कडेची ‘एज’ आणि वयाची ‘एज’, ‘माणसं’ अर्थाचं ‘मेन’ आणि ‘मुख्य’ अर्थाचं ‘मेन’, सगळ्या जोड्या आपल्या तोंडी समोच्चारी. इंग्रजी समोच्चारी शब्दांच्या कुठल्याही छापील यादीत यातली एकही जोडी सापडणार नाही, कारण इंग्रजीत त्या समोच्चारी नाहीतच. हा आपला खास साठा आहे आणि तो मोठा आहे.

यातली आशेची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. या जोड्यांचं स्पेलिंग पाठ करायची गरजच नाही. आखूड ‘ए’ असेल तिथे बहुतेक वेळा एकटा ‘ई’ येतो : पी-ई-एन, टी-ई-एस-टी, डब्ल्यू-ई-एस-टी, एम-ई-एन. लांब ‘ए’ असेल तिथे ‘ए-आय’ येतो, ‘ए-वाय’ येतो, किंवा ‘ए’ येऊन शब्दाच्या शेवटी ‘ई’ लागतो : पी-ए-आय-एन, टी-ए-एस-टी-ई, डब्ल्यू-ए-एस-टी-ई, एस-एच-ए-डी-ई. ज्या मुलाच्या कानात आणि तोंडात हे दोन स्वर वेगळे झाले, त्याला डझनावारी शब्दांचं स्पेलिंग न घोकता येऊ लागतं. ज्याला वेगळे झाले नाहीत त्याला हाच नियम फळ्यावर दहा वेळा लिहून दिला तरी निरुपयोगी, कारण कोणत्या शब्दाला कोणता भाग लावायचा हे त्याला ऐकू येत नाही. परक्या पुस्तकातला नियम असं गृहीत धरतो की फरक मुलाला आधीच ऐकू येतो आहे. इंग्रज मुलाबाबत ते खरं आहे. अचलपूरच्या मुलाबाबत नाही.

फरक शिकवणं अवघड नाही. लांब ‘ए’ ताणायचा आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकवायचा : पेइन, वेइट, टेइस्ट. आखूड ‘ए’साठी हिंदीची मदत घेता येते. सिनेमा आणि दूरदर्शनमुळे हिंदी ‘मैं’ आणि ‘में’ यांतला फरक इथल्या मुलांना पक्का ठाऊक असतो. ‘मैं’मधला स्वर नाकात न नेता, आखूड करून म्हटला की तो लेखणीच्या ‘पेन’जवळ पोचतो. रोज पाच मिनिटं, गुरुजींनी एक शब्द म्हणायचा आणि मुलांनी आखूड असेल तर एक बोट, लांब असेल तर दोन बोटं दाखवायची. लिहायचं काही नाही. दोन-तीन आठवड्यांत बोटं बरोबर उठायला लागतात. मग वही काढायची.

इथे देवनागरीचा प्रश्न येतो. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहून ठेवायची मुलांची जुनी रीत आहे. गाईडांतही तसाच छापलेला असतो. अनेक शिक्षक त्यावर रागावतात. माझं मत उलट आहे. ते लिहू द्यावं, फक्त अचूक लिहायला शिकवावं. एके काळी मराठीत ‘ब्यांक’, ‘ग्यास’ लिहीत. मग ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आले, २००९ च्या शासन निर्णयानं त्यांना वर्णमालेतही जागा मिळाली. त्यानंतर ‘कॅट’ आणि ‘केट’, ‘गॉट’ आणि ‘गोट’ यांचा घोटाळा कागदावर तरी मिटला. चिन्ह मिळालं की कान त्याच्या मागे येतो. दोन ‘ए’मध्ये फरक करणारं चिन्ह आपल्याकडे नाही, म्हणून तो घोटाळा उरला. शाळेच्या वहीपुरतं ‘पेन’ आणि ‘पेइन’ असं लिहायला काय हरकत आहे?

‘इ’ आणि ‘उ’ यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही आहेत, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण वेगळे लिहू शकतो. बोलण्यात मात्र मराठीची स्वतःची सवय आडवी येते. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य ‘इ’ किंवा ‘उ’ लांबतो : तीळ, खीर, फूल, सून. संस्कृतातून आलेले ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळे लिहितो, पण बहुतेक माणसं दोन्ही ‘दीन’ असेच बोलतात. तीच सवय इंग्रजीत गेली की ‘जहाज’ आणि ‘मेंढी’, ‘मारणे’ आणि ‘उष्णता’, ‘भरलेला’ आणि ‘मूर्ख’, या अर्थांच्या शब्दांच्या जोड्या एकमेकींत मिसळतात. इथेही स्पेलिंग मदतीला येतं : एकटा ‘आय’ म्हणजे आखूड, दोन ‘ई’ किंवा ‘ई-ए’ म्हणजे लांब. पण आधी तोंडातली सवय मोडायला हवी, आणि ती मोडायला सगळ्यात सोपी जोडी ‘दिन-दीन’ हीच आहे. मराठीच्या तासाला जे नीट शिकवलं जाईल ते इंग्रजीच्या तासाला फळेल.

अकोला, बाळापूर, अचलपूर, कारंजा या पट्ट्यात उर्दू शाळा पुष्कळ आहेत. मराठी शाळेच्या भिंतीला लागून उर्दू शाळा असावी, असंही दिसतं. दोन्हीकडच्या मुलांचं इंग्रजी शेजारी ठेवून पाहावं असं आहे. उर्दूत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे धर्म, आणि बोलताना ते स्पष्ट वेगळे असतात. त्यामुळे जहाज आणि मेंढी यांच्यात त्या मुलांचा घोटाळा व्हायचं कारण कमी. शिवाय समोच्चारी शब्द म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. उर्दूत ‘स’च्या आवाजाला तीन अक्षरं आहेत, ‘ज़’ला चार. फळाचा ‘आम’ आणि ‘सर्वसाधारण’ अर्थाचा ‘आम’, तांबडा ‘लाल’ आणि माणकाचा ‘लाल’, उच्चार एक आणि लिहिणं वेगळं, कारण शब्द वेगवेगळ्या घरांतून आले. इंग्रजीतही अगदी हेच झालेलं आहे. उर्दू शाळेतल्या शिक्षकांनी याचा जाणीवपूर्वक उपयोग केला तर त्यांची मुलं या एका बाबतीत मराठी शाळांच्या पुढे असतील.

आणि मराठी मुलाजवळ काय आहे? त्याच्याजवळ वऱ्हाडी आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी बोलीची नोंद झालेली आहे. या बोलीत बऱ्याच घरांत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणायला ‘डोया’, केळी म्हणायला ‘केयी’, पोळा म्हणायला ‘पोया’. मूल घरी ‘काया’ म्हणतं आणि शाळेत ‘काळा’ लिहितं. देहाची ‘काया’ त्याच्या बोलण्यात त्या काळ्याशी समोच्चारी होऊन बसते. म्हणजे बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, हा अनुभव वऱ्हाडी मुलाला पहिलीतच येतो. पुण्यातल्या प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तो तेवढा येत नाही. शाळेनं आजवर या अनुभवाकडे अशुद्धपणा म्हणून पाहिलं आणि मुलाला गप्प बसवलं. इंग्रजी स्पेलिंग समजावायला याहून चांगला आधार वऱ्हाडात मिळणार नाही. ‘तू डोया म्हणतोस आणि डोळा लिहितोस, इंग्रज लोकही तसंच करतात,’ एवढं म्हणायला शिक्षकानं कचरू नये.

नियमांकडे वळतो. सगळ्यात गाजलेला म्हणजे शेवटच्या मूक ‘ई’चा. सी-ए-पी कॅप, पुढे ‘ई’ लावला की केप. पिनला लावला की पाइन, हॉपला होप, कटला क्यूट. या नियमाची एक खुबी मराठी घोषात लपलेली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही : शेवटी ‘ई’ आला की आधीचा स्वर आपलं नाव उच्चारतो. ए, आय, ओ, यू ही अक्षरांची नावंच त्यांचे दीर्घ उच्चार आहेत. जो घोष एरवी आड येतो तो इथे कामाला येतो. मग मूल विचारतं, ‘हॅव’ला ‘ई’ आहे, तो ‘हेव’ का नाही? ‘गिव्ह’ला आहे, तो ‘गाइव्ह’ का नाही? याचं कारण ठरलेलं आहे. इंग्रजीत ‘व्ही’वर शब्द संपवायची रीत नाही. पूर्वी यू आणि व्ही हे एकच अक्षर होतं. शेवटी ‘ई’ लिहिला की ते व्यंजन म्हणून वाचलं जाई. तेव्हा हॅव, गिव्ह, लिव्ह, लव्ह यांतला ‘ई’ स्वरासाठी आलेला नाही, ‘व्ही’च्या सोबतीला आलेला आहे. एक वाक्य सांगितलं की अपवादांची एक मोठी रांग नियमात येऊन बसते.

‘दोन स्वर शेजारी आले की पहिला बोलतो, दुसरा गप्प राहतो’ हा दुसरा नियम शिशुवर्गांत आणि युट्यूबवरच्या धड्यांत फार चालतो. अमेरिकेत थिओडोर क्लायमर यांनी १९६३ साली प्राथमिक वाचनमालांतले शब्द घेऊन असे ४५ नियम तपासले. हा नियम ४५ टक्के शब्दांतच खरा ठरला. मूक ‘ई’चा ६३ टक्क्यांत. पण त्याच तपासणीत दोन ‘ई’ मिळून दीर्घ ‘ई’ होतो हे ९८ टक्के वेळा खरं निघालं आणि ‘ओ-ए’ मिळून दीर्घ ‘ओ’ होतो हे ९७ टक्के वेळा. म्हणजे सरसकट नियम सांगणं चुकीचं, जोडी-जोडीनं सांगणं बरोबर. ‘डबल ई’ आणि ‘ओ-ए’ आधी, डोळे मिटून. ‘ए-आय’ नंतर. ‘ई-ए’ सगळ्यात शेवटी आणि सावधपणे, कारण ‘ब्रेड’, ‘हेड’, ‘ग्रेट’ हे शब्द तिथेच दबा धरून बसलेले असतात. ‘ओ-यू-जी-एच’ या चौकडीबद्दल कुठलाही नियम सांगू नये. ते मोजके शब्द पाठच करावेत.

तिसरा नियम मात्र मराठी मुलासाठी जणू घरचा आहे, आणि आपण तो परका म्हणून शिकवतो. एकच ‘एन’ असलेला ‘डाइनर’, दोन ‘एन’ असलेला ‘डिनर’. ‘होपिंग’ला एक ‘पी’, ‘हॉपिंग’ला दोन. व्यंजन दुहेरी झालं की आधीचा स्वर आखूड. मराठी शुद्धलेखनाचा नियम काय आहे? जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व : शिस्त, मुक्काम, पुस्तक, भिस्त. दोन्ही भाषांच्या लिहिण्यामागची जाण एकच आहे. मराठीचा आणि इंग्रजीचा शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा एकच व्यक्ती असते. पण मराठीच्या तासाचा हा नियम इंग्रजीच्या तासाला कुणी नेत नाही.

स्टॅनफर्डमध्ये पॉल हॅना आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली सतरा हजारांहून अधिक इंग्रजी शब्द संगणकाला नियमांच्या आधारे लिहायला लावले. सुमारे निम्मे अचूक आले, आणखी ३७ टक्क्यांत एकच चूक राहिली. हा निकाल दोन्ही बाजूंनी वापरला जातो. नियम निरुपयोगी म्हणणारे निम्म्या चुकांकडे बोट दाखवतात. मला दुसरी बाजू जास्त पटते : शब्दातला बराचसा भाग नियमानं येतो, अडतो तो बहुतेक एखाद्याच जागी, आणि ती जागा बहुधा स्वराची असते. पाठांतर करायचंच तर त्या एका जागेचं करावं.

इंग्रजी मुळात अवघड आहे, हेही पालकांना सांगायला हवं. फिलिप सिमोर यांनी २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतल्या पहिलीच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. बहुतेक भाषांतली मुलं वर्षाअखेर साधे शब्द जवळपास बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडातली इंग्रजी भाषक मुलं सुमारे एक तृतीयांश शब्दच. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांची ही अवस्था. इंग्लंडनं त्यानंतर आवाजाकडून अक्षराकडे जाणारी पद्धत देशभर स्वीकारली, २०१२ पासून पहिलीच्या मुलांची ४० शब्दांची तोंडी चाचणी सुरू केली. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे मूल पाठांतरानं वाचतंय की आवाज जोडून, हे कळतं. ती कल्पना इथे घेण्यासारखी आहे. अमरावती-अकोल्यातल्या महागड्या शिशुवर्गांत ती पद्धत आलीही आहे. पण तिथली पुस्तकं इंग्रज मुलाच्या कानासाठी लिहिलेली आहेत. दोन ‘ए’, दोन ‘इ’, ‘व्ह’नं लिहिले जाणारे दोन वेगळे आवाज, यांची पूर्वतयारी त्यात नाही, कारण तिथे ती लागत नाही. आपण ‘देवमासा’ आणि ‘बुरखा’ दोन्हींना ‘व्हेल’ म्हणतो, हे त्या पुस्तकाच्या लेखकाला कसं कळावं?

उच्चार म्हणजे बीबीसीचा थाट, असंही कुणी समजू नये. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी जगाला कितपत समजते याचा अभ्यास १९६९ सालीच मांडला. लांब ‘ए’ शेवटी न झुकवता नुसता ताणला तरी शिकलेल्या भारतीय माणसाच्या इंग्रजीत तो पूर्ण मान्य आहे. फरक ऐकू आला पाहिजे, एवढीच अट.

मेळघाटाबद्दल स्वतंत्र लेख हवा. धारणी आणि चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलांची घरची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्यांच्या पहिलीत मराठीही नवीनच असते. मराठीच्या शुद्धलेखनावर इंग्रजी उभारायची जी युक्ती मी वर सांगितली ती तिथे चालणार नाही. तिथे चित्र, कृती आणि गाणं यांवरच काही वर्षं काढावी लागतील आणि लेखी परीक्षेची घाई थांबवावी लागेल.

राहिली परीक्षा. शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजीचे प्रश्न असतात आणि समोच्चारी शब्दांच्या याद्या तिच्या तयारीत घोकल्या जातात. याद्यांनी नुकसान होतं, कारण दोन सारखे शब्द शेजारी ठेवून पाठ केले की ते मनात कायमचे अदलाबदलीचे होऊन बसतात. ‘समुद्र’ आणि ‘पाहणे’ या अर्थांचे दोन ‘सी’ एकाच दिवशी शिकवू नयेत. एक आधी, वाक्यात, चित्रासह पक्का व्हावा. दुसरा काही आठवड्यांनी यावा. प्रश्नही जोड्या लावायचा नसावा. वाक्य ऐकवावं आणि शब्द लिहायला सांगावा, कारण प्रत्यक्ष जगण्यात समोच्चारी शब्द वाक्यातच भेटतात आणि अर्थावरूनच ओळखले जातात.

अमरावती आणि अकोला दोन्ही ठिकाणी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतात. त्यांना माझी विनंती आहे : वऱ्हाडी कानाला एकच वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांची इथली स्वतःची यादी करा. एका केंद्रातल्या दहा-बारा शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या श्रुतलेखनाच्या चुका एका वहीत उतरवल्या तरी ती यादी उभी राहील. तिला ना मोठा निधी लागतो, ना पुण्या-मुंबईची परवानगी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिलमध्ये वह्या गोळा केल्या तर शाळा सुरू होईपर्यंत ही यादी प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातात देता येईल.